कॅमेरा हलता कामा नये

ड्रोनची हौस असलेल्या माणसांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातली माणसं ड्रोन उडवतात. दुसऱ्या वर्गातली माणसं ड्रोनला काहीतरी बसवतात. पहिल्यांची मान उन्हाने रापलेली असते, दुसऱ्यांच्या बोटांवर फेविक्विकची सालपटं असतात. पहिल्यांकडे चहाला गेलात तर ते तुम्हाला धरणाचा व्हिडिओ दाखवतात. दुसऱ्यांकडे गेलात तर ब्रॅकेट दाखवतात, आणि तो बघताना 'वा' नेमकं कुठे म्हणायचं ते कळत नाही.

आमचे साडू दुसऱ्या वर्गातले. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतात. दिवसभर मालकाचे नट आवळले की संध्याकाळी माणसाला स्वतःचे नट आवळावेसे वाटतात, असं त्यांचं म्हणणं. ड्रोन त्यांनी स्वतःच जोडलाय. एका कोपऱ्यातल्या मोटरपासून समोरच्या कोपऱ्यातल्या मोटरपर्यंत ४५० मिलिमीटर, चार मोटरी, चार पंखे. तो उडतो, पण हे ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्यांचा जीव अडकलाय तो ड्रोनच्या पोटाखाली कॅमेरा धरणाऱ्या गिंबलमध्ये. आणि त्याहून जास्त, तो गिंबल ड्रोनला धरून ठेवणाऱ्या माउंटमध्ये.

गिंबल कशाला लागतो, हे त्यांनी घरातल्या सगळ्यांना समजावून झालंय. सिलिंडर द्यायला आलेला माणूसही सुटलेला नाही. चार पंख्यांच्या ड्रोनला ताठ उभं राहून पुढे जाता येत नाही. पुढे जायचं तर पुढे झुकावं लागतं, डावीकडे जायचं तर डावीकडे कलावं लागतं, थांबायचं तर मागे रेलावं लागतं. वाऱ्यात एका जागी राहायचं म्हटलं तरी त्याचं या कुशीवरून त्या कुशीवर चालूच असतं. कॅमेरा थेट त्याला बांधला तर क्षितिजही त्याच्यासोबत झुलतं, आणि व्हिडिओ बघणाऱ्याला थोड्याच वेळात खिडकीजवळची जागा मागावीशी वाटते. गिंबल हे सगळं उलटं फिरवून रद्द करतो. ड्रोन दहा अंश पुढे झुकला की तो कॅमेऱ्याला दहा अंश मागे नेतो.

म्हणजे या खटाटोपाचं फळ काय, तर काहीच झालेलं न दिसणं. सुताराची खुर्ची दिसते, गवंड्याची भिंत दिसते, अगदी हिशेबनिसाची बेरीजही दिसते. गिंबल करणाऱ्याचं काम साधलं की ते अदृश्य होतं. फसलं तरच कुणीतरी विचारतं, "हे असं काय हलतंय?" आपल्या लोकांना केलेले कष्ट चार माणसांना दिसल्याशिवाय केल्यासारखे वाटत नाहीत. साडूंना ही अडचण ठाऊक आहे, म्हणून ते कष्ट आधीच दाखवून ठेवतात.

तीन अक्षांचा गिंबल पोटाशी घेऊनच जन्माला आलेले ड्रोन मिळतात, मग हे कशाला, असं त्यांना विचारायची सोय नाही. विचारलं की ते कायदा काढतात. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढे अपवाद ठेवले. सुट्या भागांना मात्र परवानगीची अट ठेवली नाही. या अधिसूचनेचा अर्थ साडूंनी 'मी गिंबल घरी बनवावा अशी शासनाची इच्छा आहे' असा लावला. मेहुणी म्हणाली, "गॅलरीतला नळही घरीच दुरुस्त व्हावा अशी शासनाची इच्छा आहे." पण तशी अधिसूचना निघालेली नाही.

घरी काही बनवायचं तर त्याला परंपरा लागते. साडूंची परंपरा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सुरू होते. बायझँटियमच्या फायलो नावाच्या ग्रीक यंत्रज्ञाने तेव्हा एका दौतीचं वर्णन करून ठेवलंय. दौतीला आठ बाजू, प्रत्येक बाजूला एक भोक, आणि आत एकात एक अडकवलेल्या कड्यांमध्ये शाईची कुपी टांगलेली. दौत कशीही फिरवा, कुपी सरळच राहते, शाई सांडत नाही. पुढे सोळाव्या शतकात जिरोलामो कार्दानो या इटालियन पंडिताने अशा कड्यांबद्दल लिहिलं आणि शोध त्याचा नसताना नाव त्याचं चिकटलं. हा भाग सांगताना साडूंचा आवाज चढतो, कारण त्यांच्या कारखान्यातही असं झालेलं आहे. मग याच कड्यांत जहाजांवरची होकायंत्रं टांगली गेली. आणि शेवटी चंद्र. अपोलो यानाचा दिशादर्शक मंच तीन कड्यांत बसवलेला होता. यान एका विशिष्ट कोनात वळलं की दोन कड्यांचे अक्ष एकाच रेषेत यायचे आणि मंच दिशाच हरवून बसायचा, त्यामुळे अंतराळवीरांना त्या कोनापासून जपून राहावं लागे. १९६९ मध्ये चंद्राभोवती एकट्याने घिरट्या घालणाऱ्या मायकेल कॉलिन्सने ह्यूस्टनला गमतीने सुचवलं होतं, की नाताळची भेट म्हणून मला चौथा गिंबल पाठवून द्या.

"म्हणजे चंद्रावर गेलेल्या माणसालाही अजून एक हवाच होता," मेहुणी म्हणाली.

निसर्गातही दाखला आहे. कोंबडीचं धड दोन्ही हातांत धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवलं, तरी तिचं डोकं हवेत एका जागी खिळून राहतं. तिचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, त्यामुळे नजर स्थिर ठेवायची तर अख्खं डोकंच स्थिर ठेवावं लागतं. साडूंनी हे प्रात्यक्षिक रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात, मागे रांग उभी असताना, गावरान कोंबडी हातात घेऊन करून दाखवलं. रांगेतल्या दोघा-तिघांना ते आवडलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, घेणार आहात की बघणार आहात?"

आता माउंटकडे येऊ. विश्वाचा एक नियम असा आहे, की गिंबलच्या पट्टीला ज्या अंतरावर भोकं असतात, त्या अंतरावर ड्रोनच्या सांगाड्याला भोकं नसतात. दोघांच्या मध्ये तिसरी पट्टी घालावी लागते. ती पट्टी बनवायला आम्ही भोसरीत एका वर्कशॉपमध्ये गेलो. मालकांनी ड्रॉइंग चष्मा वर सरकवून पाहिलं.

"नग किती?"

"एक."

"सँपल एक. ऑर्डर किती?"

"तीच. एक."

मालकांनी चष्मा खाली घेतला. "बरं. एमएसमध्ये करू?"

"छे छे, लोखंड नको! वजन! ॲल्युमिनियम, दोन एमएम. आणि मध्ये ही अशी जाळी पाडायची, वजन कमी करायला."

"किती कमी होईल?"

"चार ग्रॅम."

मालकांनी आधी साडूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मी जबाबदार नातेवाईक आहे असं समजून पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, "चार ग्रॅम तर आमच्या झाडूत जातात."

तरी त्यांनी पट्टी करून दिली, आणि चोख करून दिली. कडा घासलेल्या, भोकं काटकोनात. पैसे घेताना मात्र म्हणाले, "पुढच्या वेळी प्लॅस्टिकमध्ये प्रिंट करून बघा." ही सूचना त्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी केली असावी. साडूंनी ती मनावर घेतली.

थ्री-डी प्रिंटरवर सगळ्यात सोयीचं प्लॅस्टिक म्हणजे पीएलए. ते मक्याच्या स्टार्चपासूनही बनतं, म्हणून पर्यावरणवाद्यांना प्रिय आहे. त्यातून निघालेला माउंट हलका होता, केशरी होता आणि साडूंच्या मते देखणाही होता. फक्त पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या मोटारीत डॅशबोर्डला हा आकडा गाठायला फारसे कष्ट पडत नाहीत. दुपारी दार उघडलं तेव्हा माउंट डॅशबोर्डच्या आकारात विसावला होता. मेहुणीने तो उचलून पाहिला आणि विचारलं, "मक्याचा आहे ना हा? मग थालीपीठ लावलं असतं तर निदान खाता आलं असतं."

पट्टी पुन्हा ॲल्युमिनियमची झाली. मग आला तोल. गिंबलच्या मोटरला वीज द्यायच्या आधी, बोटाने कॅमेरा कसाही फिरवून सोडला, तरी सोडला तिथेच राहिला पाहिजे. लेन्सच्या बाजूला ओठंगायला लागला, तर मोटरचं सगळं आयुष्य त्याला सावरण्यात जाणार. तोल साधायला दुसऱ्या बाजूला वजन लावतात. बाजारात त्यासाठी पितळी वजनं मिळतात, पण घरात सासूबाईंची दक्षिणेची वाटी होती. साडूंनी सोनाराच्या काट्याची चिनी आवृत्ती मागवली आणि नाणी तोलली. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम भरतो, २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅम. रुपया आठ वर्षांत सात दशांश ग्रॅमने घसरला, हे कुठल्याही अर्थतज्ज्ञाने न मांडलेलं निरीक्षण आमच्या घरात मांडलं गेलं. तोलाला जुना रुपयाच बरोबर बसला. भोसरीत जाळी पाडून वाचवलेले चार ग्रॅम असे दुहेरी टेपने परत आले.

त्या मोटरबद्दल मला मात्र खरोखर आदर वाटतो. वर ड्रोनच्या चार मोटरी मिनिटाला हजारो फेरे मारत असतात, आवाज करतात, वारा घालतात, सगळ्यांचं लक्ष वेधून घेतात. खाली गिंबलची मोटर बारीक तारेच्या भरपूर वेढ्यांची, आणि तिला पूर्ण एक फेरासुद्धा मारायचा नसतो. अर्धा अंश इकडे, पाव अंश तिकडे. तिच्याजवळच्या छोट्या बोर्डवर जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटर असतात. जायरो सांगतो किती वेगाने वाकतोय, ॲक्सिलरोमीटर सांगतो खाली कुठे आहे, आणि सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करून बोर्ड मोटरला ढकलतो. वीज खायची आणि जागेवरून हलायचं नाही, हे तिचं कर्तव्य. अशा कर्तव्यदक्षतेची पाहणी आपण एरवी अर्ज घेऊन गेल्यावर करतो. इथे तिची स्तुती करावी लागते.

तोल झाला, पण चित्र थरथरायचं. ही गिंबलला न पेलणारी हालचाल. पंखा मिनिटाला सहा हजार फेरे फिरत असेल तर ते सेकंदाला शंभर फेरे होतात, आणि एक पातं दुसऱ्यापेक्षा किंचित जड असलं तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. मोबाइल किंवा ॲक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ वरून खाली वाचत जातो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत कॅमेरा थोडा सरकलेला असतो. त्यामुळे विजेचा सरळ खांब नागमोडी होतो आणि शेताच्या कडा उकळायला लागतात. हौशी मंडळी याला 'जेलो' म्हणतात. यावर उपाय दोन. पहिला म्हणजे पात्यांचा तोल: हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा. दुसरा म्हणजे माउंटच्या दोन पट्ट्यांमध्ये रबराचे डँपर.

रबर फार कडक असेल तर धक्के तसेच खाली जातात, फार मऊ असेल तर कॅमेरा स्वतःच डुलायला लागतो. कुणी कानात घालायचे फोमचे बोळे वापरतात, कुणी सिलिकॉनचे गोळे मागवतात. साडूंनी सगळं वापरलं. एका संध्याकाळी मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, कुकरला शिट्टी होत नाहीये, तुम्हाला काही माहीत आहे का?" मला माहीत होतं. कुकरची रिंग चार तुकडे होऊन गॅलरीत वाळत घातलेली मी पाहिली होती. त्या रात्री त्यांच्याकडे डाळ पातेल्यात शिजली आणि साडूंना रबराच्या काठिण्याबद्दल एक व्याख्यान ऐकावं लागलं. एरवी ही व्याख्यानं ते देतात.

पदार्थविज्ञानाचा खरा विनोद पुढे आहे. रबरावर टांगलेलं वजन जितकं जास्त, तितके धक्के नीट गाळले जातात. हलका कॅमेरा पानासारखा थरथरतो, जड कॅमेरा जागचा हलत नाही. म्हणजे ग्रॅम-ग्रॅम वाचवत आणलेल्या यंत्रावर आता मुद्दाम वजन टाका. वजन टाकलं की मोटरींना जास्त ओढावं लागतं, उडण्याची वेळ घटते. वेळ घटली की मोठी बॅटरी. मोठी बॅटरी जड, म्हणून मोठे पंखे. मोठे पंखे आले की थरथर वेगळी, म्हणून वेगळं रबर. वेगळ्या रबराची भोकं वेगळ्या अंतरावर. आणि मग पट्टी. आता ड्रोन पूर्वीपेक्षा बराच स्थिर उडतो. त्याचं एक कारण हेही असेल, की त्याला हलणं जड जातं.

एवढं झाल्यावर बोर्डला शहाणपण शिकवायचं उरतं. त्याला पीआयडी ट्यूनिंग म्हणतात. यातली तीन अक्षरं म्हणजे तीन आकडे आणि त्यांच्यात साडूंच्या कित्येक रात्री गेल्या. हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो निकोलस मिनोर्स्की यांनी, १९२२ मध्ये, जहाजांच्या सुकाणूसाठी. अनुभवी सुकाणूवाला फक्त जहाज आत्ता किती वाकडं आहे एवढंच पाहत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. साडूंनी ते समजावलं लग्नघराच्या भाषेत. पी म्हणजे समोर जेवढं चुकलं तेवढ्या जोरात ओरडणारे काका; पत्रावळ वाकडी तर आवाज लहान, मांडव वाकडा तर मोठा. आय म्हणजे मागच्या सगळ्या लग्नांत काय काय चुकलं त्याची बेरीज डोक्यात ठेवून बसलेली आत्या. आज काहीच चुकलं नसलं तरी तिची बाकी निघतेच. आणि डी म्हणजे गोष्टी कुठल्या वेगाने बिघडत चालल्यात ते ओळखून "पुरे, आता थांबा" म्हणणारे मामा. काकांचा जोर वाढला तर मोटर गुणगुणायला लागते आणि कॅमेरा थरथरतो. आत्यांचं फार ऐकलं तर तो संथपणे या टोकाकडून त्या टोकाकडे झुलत राहतो. मामा अति सावध झाले तर माशी बसली तरी दचकतात. तिघांचं जमवणं म्हणजे ट्यूनिंग. "आणि लग्न?" मी विचारलं. "लग्न म्हणजे लोड. ते आधीच बांधलेलं असतं," साडू म्हणाले.

मग उडवायची वेळ आली. पुण्यात हे सोपं नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग पाडलेत. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत पिवळा विभाग पसरू शकतो, आणि पुण्यात लोहगावला विमानतळ आहे, तोही हवाई दलाचा. खडकवासल्याला एनडीए आहे. मोकळ्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत जाता येतं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यावर दोन किलोपर्यंत 'मायक्रो'. साडूंचा ड्रोन नॅनोची हद्द पहिल्या माउंटच्या आधीच ओलांडून गेला होता. त्यांनी नोंदणी केली, क्रमांक ड्रोनवर चिकटवला (त्या स्टिकरचं वजनही केलं), आणि मोबाइलवरचा नकाशा हिरवा होईपर्यंत आम्ही गाडी चालवत राहिलो. शिरूरच्या बाजूला एका स्नेह्यांचं शेत होतं.

ड्रोन बाहेर काढल्याबरोबर माणसं आली. कुठून आली ते कळलं नाही. रानात ड्रोनभोवती माणसं आपोआप उगवतात. पहिला प्रश्न नेहमीचा, "लग्नाचं शूटिंग का?" दुसरा, "किती लांब जातं?" तिसरा, "किती किलो उचलतं?" चौथ्या गृहस्थांनी प्रश्न विचारलाच नाही. ते थेट म्हणाले, "मोजणीला आलात ना? आधी माझ्याकडून धरा." २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते, हे त्यांना ठाऊक होतं. साडू म्हणाले, "नाही हो, मी फक्त कॅमेरा हलतो का ते बघतोय." गृहस्थांना ते मुळीच पटलं नाही. "कॅमेरा नाही हलत हो," ते म्हणाले, "बांध हलतो. दर वर्षी हातभर. तेवढं वरून टिपा." मागून त्यांच्या चुलतभावांचा आवाज आला, की कुणाचा बांध कुठे हलतो ते आम्हीही सांगू. साडूंनी ड्रोन घाईघाईने वर नेला. जमिनीपासून दूर जाण्यात पहिल्यांदाच त्यांना एवढी घाई दिसली.

व्हिडिओ सासूबाईंकडे मोठ्या टीव्हीवर लागला. उसाचा हिरवा पट्टा, विहिरीचा काळा गोल, पलीकडे डोंगराची सरळ, अगदी सरळ रेघ. वरती तीस मीटरवर वारा होता. आम्ही खालून ड्रोनला झगडताना पाहिलं होतं. पडद्यावर त्यातलं काही नव्हतं. साडू श्वास रोखून बसले. काही वेळाने सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, फोटो छान आहे. आता पुढचा लावा."

साडूंना एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. "आई, हा फोटो नाही, व्हिडिओ आहे," ते सद्गदित होऊन म्हणाले.

"मग हलत का नाही?"

"तेच तर केलंय!"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "आमच्या वेळी फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून आम्हाला सांगायचा, हलू नका. आता तुम्ही कॅमेऱ्यालाच सांगायला लागलात. खर्च कुणाला जास्त आला?"

उत्तर द्यायला साडू तोंड उघडणार एवढ्यात डोंगराची रेघ सावकाश डावीकडे सरकली आणि परत जागेवर आली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. साडूंच्या आलं. "यॉ," ते पुटपुटले. "तिसरा अक्ष. दोनच बसवलेत आपण." मेहुणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून कुकरची रिंग कपाटात कुलूपबंद केली.

सोमवारी सकाळी त्यांनी भोसरीला फोन लावला. मालकांनी आवाज ओळखला आणि आपणहून विचारलं, "नग एकच ना, साहेब?"

"नाही," साडू अभिमानाने म्हणाले. "दोन करा. एक स्पेअर."